जुबेदाआपाच्या मापाच्या बांगड्या

ट्रंकेच्या तळाशी कापसात गुंडाळलेल्या बारा हिरव्या बांगड्या आज पुन्हा हाताला लागल्या. कापूस अब्बांनी पिंजलेला. अजून त्याला सरकीचा वास येतो.

साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. नंदुरबारला आम्ही पिंजारी आणि समोरचे मण्यार एकाच मशिदीत जायचो. पुढच्या रांगेत कोण उभं राहणार, एवढ्यावरून दोन्ही जमातींचं फाटलं. आम्ही त्यांच्या गाद्या भरायच्या नाहीत, त्यांनी आमच्या बायकांना बांगड्या भरायच्या नाहीत. त्यातच माझ्या बहिणीचा, जुबेदाआपाचा निकाह आला.

नवरीला गल्लीतल्या मण्यारणीनंच बांगड्या भरायच्या, ही रीत. अम्मा नवी रजई डोक्यावर घेऊन, आठ वर्षांच्या मला हाताशी धरून समोरच्या हाजराखालाकडे गेली. दार बोटभर उघडलं.

"हाजरा, आपला कलमा एकच शे ना? पोरना हात मोकळा शेतस," अम्मा म्हणाली.

"एकच शे, भाबी. पण मन्हा माणूसनी कसम खादी शे."

अम्मानं रजई उंबऱ्यावर ठेवली आणि दाराला कपाळ टेकून रडत राहिली. आतून खालाचंही रडणं ऐकू येत होतं. पण दार त्याहून जास्त उघडलं नाही. आपा मोकळ्या हातांनी नवापूरला सासरी गेली.

दोन वर्षांनी ईदला दोन्हीकडचे म्हातारे गळ्यात गळे घालून मोकळे झाले. तेव्हा मला ते केवढे थोर वाटले! आज नुसता संताप येतो. आपा तोवर पहिल्या बाळंतपणातच गेली होती.

त्याच ईदच्या दुपारी खाला आमच्याकडे आली. अम्मानं उंबऱ्यावर ठेवलेली ती न वापरलेली रजई तिनं अंथरली, निकाहाच्या दिवशीच आपासाठी काढून ठेवलेल्या बांगड्या माझ्या हातात चढवल्या. मी हात खाली केला, आणि बाराच्या बारा रजईवर घरंगळल्या.