रस ओळखणारे उस्ताद

आमचे उस्ताद साच्याची माती मुठीत आवळायचे आणि झालेला गोळा मधोमध मोडायचे. मोड स्वच्छ आली तर माती चांगली. भुरभुर पडली तर पाणी कमी, हाताला चिकटली तर जास्त. ओलावा मोजायचं यंत्र ऑफिसच्या कपाटात होतं, ते तिथेच राहिलं. नाव खलील, पण चंद्रपूरच्या आमच्या फाउंड्रीत मालकासकट सगळे त्यांना उस्तादच म्हणत.

मी कोर बनवायचे. पुलीचं भोक असो की पाइपची पोकळी, जिथे लोखंडाचा रस शिरायला नको तिथे साच्यात वाळू आणि काकवीचा भाजलेला ठोकळा बसवतात, तो कोर. पहिल्याच दिवशी माझा कोर त्यांनी बोटाने टकटक वाजवला आणि परत दिला.

"ओला आहे बाई. रस पडला का याची वाफ होईन, अन् वाफेले वाट नाई भेटली तर रस आमच्या पायावर येईन. भाज अजून."

अस्सा राग आला होता मला! दुपारी त्यांनीच डब्यातली अंबाडीची भाजी माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, "राग कोरवर काढ, जेवणावर काऊन काढते?" साच्याला तारेने बारीक भोकं पाडतानाही ते असेच बोलत. "त्यालेबी दम घेऊ द्या ना," म्हणत आणखी दोन भोकं पाडायचे.

पण त्यांची खरी करामत रंगाची. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, लॅडलमध्ये, ओतायच्या मोठ्या पळीत, आलं की ते डोळे बारीक करून बघत. रस पिवळा-पांढरा असला तर "बिस्मिल्ला", केशरीकडे झुकला तर परत भट्टीत. थंड रस साच्यात दोन बाजूंनी फिरून समोरासमोर येतो, पण एकजीव होत नाही, मध्ये रेघ राहते, आणि मग अख्खा माल भंगारात जातो.

एका उन्हाळ्यात ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, रस कसा दिसून राह्यला?"

मी चमकले. "पिवळा आहे की. तुम्हाले नाई दिसत?"

"मोतीबिंदू आहे. पिकल्याशिवाय काढत नाईत. कोणाले सांगू नको, भट्टीवरून उठवतीन मले."

माझ्या सासूचाही पिकल्यावरच काढला होता. मी मोठ्या शहाणपणाने म्हणाले, "मग पिकू द्या. तोवर मी आहे ना."

तेव्हापासून ओतायच्या वेळी मी कोर तपासायच्या निमित्ताने त्यांच्या मागे उभी राहायचे. रस तयार असला की मी खोकायचे, आणि उस्ताद "बिस्मिल्ला" म्हणत. आठ महिने कुणाला पत्ता लागला नाही. उस्तादांना माझी गरज आहे, याचा मला केवढा तोरा होता!

मग मला ताप आला आणि दोन दिवस घरी पडले. उस्ताद माझ्याशिवायच भट्टीवर उभे राहिले. सिमेंट कारखान्याची मोठी पुली ओतायची होती. साचा फोडला तेव्हा पुलीच्या कडेला केसासारखी रेघ होती. दुसऱ्या कोणाला दिसण्याआधी ती उस्तादांच्या बोटांना लागली. त्यांनी मालकाला बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक माह्यी आहे. मले रंग दिसत नाई." माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

मालकच त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. मीही गेले. डॉक्टरांनी तपासलं आणि मालकांना नि मला बाहेर बोलावलं. मोतीबिंदू नव्हताच. काचबिंदू होता, तो पिकत नाही, नजर खात जातो. गेलेली नजर परत येत नाही, पण आठ-नऊ महिन्यांपूर्वी आणलं असतं तर तेव्हा होती तेवढी वाचवता आली असती.

उस्तादांना हे सांगायचं कुणी? मालक म्हणाले, नको. मीही नको म्हणाले.

पुढे मी त्यांच्या घरी जायचे. त्यांना दारातला उजेडही कळेनासा झाला होता. माझा आवाज आला की सुनेला हाक मारायचे, "चहा ठेव, आपली बाई आली. हिनं मले आठ महिने भट्टीवर उभं ठेवलं. पोटच्या लेकीनं नसतं केलं."

मी चहा प्यायचे. दर वेळी ठरवून जायचे, आज सांगायचंच. आणि दर वेळी ते दुवा देऊन मला निरोप द्यायचे.

गेल्या हिवाळ्यात उस्ताद गेले. मी पोचले तेव्हा बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. सुनेने मला हाताला धरून आत नेलं आणि रडत सगळ्यांना सांगितलं, "अब्बाचे डोळे होती ही."

बायकांनी सरकून मला जागा दिली. मी बसले.