दहाव्या दिवशी, चौकोनाच्या मधोमध

देवाने माझ्यासाठी काही केलं, असं सांगताना माझी जीभ अजून अडखळते. त्या वर्षी त्याने माझ्याकडे साफ पाठ फिरवली आहे, असंच मी कितीतरी दिवस धरून बसले होते. आणि खरं सांगायचं तर, ज्याला चमत्कार म्हणावं असं या गोष्टीत शेवटी काही उरलंही नाही. तरी लिहिते आहे, कारण त्या दुपारनंतर मला पुन्हा झोप लागू लागली.

आपल्याकडची मुलं विमानं भरभरून ऑस्ट्रेलियात शिकायला येत होती, ते दिवस. मीही कराडहून सिडनीला कुकरीच्या कोर्सला आले. बाबा शाळामास्तर आणि गुरुवारच्या भजनात पेटी वाजवणारे. शेफच्या पांढऱ्या कोटातला माझा फोटो त्यांनी देवघराशेजारी लावला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवल्याशिवाय ते चहा देत नसत. दीड वर्षात कॉलेज बंद पडलं. एका सोमवारी गेलो तर काचेच्या दाराला आतून कागद चिकटवलेला. व्हिसाचं काय होणार ते कुणालाच सांगता येईना. एवढंच कळलं, की निर्णय लागेपर्यंत देश सोडला तर परत येता येणार नाही. मी घरी काहीच बोलले नाही. दर रविवारी बाबा फोनवर विचारायचे, ‘या आठवड्यात काय शिकवलं?’ आणि मी रचून सांगायचे. पुढे पुढे तर मी पदार्थांची नावं आधी कागदावर लिहून ठेवू लागले. असं सात महिने चाललं.

तोवर मी कॅनबेराच्या पलीकडे एका लहानशा गावात, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला लागले होते. तिथेच दादाचा फोन आला. बाबा पहाटे झोपेतच गेले होते. तो ‘येतेस का?’ म्हणाला आणि माझ्या तोंडून निघालं, ‘परीक्षा आहे रे दादा.’ बाप गेला त्या घटकेलाही मी खोटंच बोलले. दादा म्हणाला, ‘बरं. तू परीक्षा दे.’ पुढचे नऊ दिवस मी बटाटे सोलत होते. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. सूतक होतं म्हणून दिवा लावत नव्हते, पण आतून मला त्याचं बरंच वाटत होतं; देवासमोर उभं राहून सांगायला माझ्याकडे होतं काय? रोज सकाळी जाग आली की पहिला विचार यायचा, की आपण कशाला उठतो आहोत.

आश्रमात जोन नावाच्या ब्याऐंशी वर्षांच्या बाई होत्या. मनातल्या मनात मी त्यांना जोनआजी म्हणायचे. जवळच्या खेड्यात एका लाकडी हॉलमध्ये वर्षातून काही रविवार आसपासचे लोक भजनं गायला जमत, आणि जोनआजींनी त्यातला एकही कधी चुकवला नव्हता. त्यांना घेऊन जायला त्या रविवारी कुणी मिळेना, म्हणून मला विचारलं. तो बाबांचा दहावा दिवस होता. खोलीत एकटीने बसवणार नाही एवढ्याच कारणाने मी हो म्हणाले.

ही गाण्याची रीत मूळची अमेरिकेतल्या खेड्यांतली. ज्याला संगीत वाचता येत नाही त्यालाही गाता यावं म्हणून कागदावर प्रत्येक स्वराला वेगळा आकार दिलेला असतो: त्रिकोण, गोल, चौकोन, शंकरपाळ्यासारखा तिरपा. माणसं चार बाजूंना एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि मधली जागा मोकळी असते. ज्याची पाळी येईल त्याने तिथे उभं राहून भजन सांगायचं आणि हात खाली-वर करत ताल द्यायचा. आधी नुसते स्वर, मग शब्द. तालीम नाही आणि ऐकायला येणाराही कुणी नाही. जो येतो तो गातो. हे सगळं जोनआजींनी मला गाडीत सांगितलं. हॉलच्या दाराशी पोचल्यावर मात्र मी थबकले. आत देवाचं नाव चाललंय आणि मी सुतकात. वडील गेलेत, आमच्यात असं आत जात नाहीत, असं मी सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. ‘नो वरीज, लव्ह,’ म्हणाल्या आणि वॉकर ढकलत एकट्याच आत गेल्या. मी पायरीवर बसून राहिले.

दीड वाजता दादाचा फोन आला. कराडला सकाळचे नऊ. सगळे घाटावर होते. ‘कावळा फांदीवर येऊन बसलाय, पण पिंडाला शिवत नाही,’ तो म्हणाला. ‘आईला सांभाळीन म्हणालो, सगळं बोलून झालं. काका म्हणतात, बाबांचा जीव तुझ्यात अडकलाय. फोन स्पीकरवर टाकतो. बोल.’ पलीकडे सगळे नातेवाईक उभे. मी म्हणाले, ‘बाबा, परीक्षा चांगली गेली. काळजी करू नका.’ आणि वाट पाहिली. नदीवरचा वारा तेवढा ऐकू येत होता. मग दादा हळूच म्हणाला, ‘नाही गं शिवत.’ मी फोन ठेवून दिला. तो का शिवत नव्हता ते त्या घाटावर कुणाला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. इतकी नीच मी आयुष्यात स्वतःला कधी वाटले नव्हते.

तेवढ्यात जोनआजी दारात आल्या. जेवणं झाली होती. आता वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचायची आणि त्यांच्यासाठी एक भजन म्हणायचं, आणि ते मधे उभं राहून सांगायचा मान दरवर्षी त्यांचा असे. ‘यंदा पाय धरत नाहीत,’ त्या म्हणाल्या. ‘कोपर धरायला तू ये. आणि वडिलांचं नाव नीट सांग, मला म्हणता आलं पाहिजे.’ त्यांनी ते नाव दारातच तीनदा घोकलं. म्हाताऱ्या माणसाला आधार देणं हे माझं कामच होतं. सूतक विसरून मी आत गेले.

नावं वाचली गेली. शेवटचं बाबांचं, मोडकंतोडकं पण पुरतं. मग चारी बाजूंनी आवाज उठला. शेतकरी, स्कूलबसचा ड्रायव्हर, पोस्टातल्या बाई. आवाज गोड वगैरे नव्हते, छातीतून येणारे होते. आधी नुसते स्वर. बाबाही आम्हाला शब्दांआधी सरगमच म्हणायला लावायचे. जोनआजींचा हात खाली-वर होत होता आणि त्यांचं कोपर धरलेला माझाही. त्या गदारोळात मी मराठीत बोलले, ‘बाबा, कॉलेज बंद पडलंय. परीक्षा नव्हती. मी इथे बटाटे सोलते. मला यायचं होतं.’ आणि नऊ दिवस अडलेलं सगळं बाहेर आलं. आता जोनआजीच मला धरून होत्या. कुणी थांबलं नाही, कुणी समजूत घालायला उठलं नाही. त्यांनी सगळी कडवी म्हटली.

बाहेर आले तर दादाचा फोन. ‘शिवला गं,’ तो म्हणाला. ‘तू फोन ठेवलास, त्यानंतर थोड्या वेळाने.’ मी पायरीवरच हात जोडले. त्या रात्री मी झोपले. दुसऱ्या दिवशी दिवा लावला आणि दादाला सगळं खरं सांगितलं. तो फक्त ‘हं’ म्हणाला.

बऱ्याच वर्षांनी, कॅनबेरातल्या गुंगालिनमध्ये माझं घर झाल्यावर आई राहायला आली. तांदूळ निवडता निवडता सहज म्हणाली, ‘कुठला शिवतोय कावळा? अकरापर्यंत उन्हात उभे होते सगळे. शेवटी गुरुजींनी दर्भाचा केला. दादा म्हणाला, तिला सांगू नका, ती एकटी आहे तिकडे.’ देवाने दिलेली म्हणून जपलेली एकुलती एक खूण, तीही त्याची नव्हती. मी रागाने दादाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, ‘तू परीक्षा म्हणालीस, तेव्हा मी विचारलं का कसली?’ कॉलेज बंद पडल्याची बातमी कराडच्या पेपरातही आली होती. बाबांनी कात्रण काढून भजनाच्या वहीत ठेवलं होतं. दादाला म्हणाले होते, ‘तिला कळू देऊ नकोस. रविवारी बोलते तेव्हा तिचा आवाज बरा असतो.’

सात महिने ते माझे खोटे पदार्थ ऐकत होते. मी ज्यांच्यापुढे तोंड लपवत होते, ते मला सांभाळून घेत होते. तेव्हापासून देवाकडे खूण मागायचं मी सोडलं. मी कावळ्याकडे डोळे लावून बसले होते आणि त्याने एक म्हातारी वॉकर ढकलत दारात पाठवली होती.

जोनआजी आता नाहीत. दरवर्षी नावं वाचायच्या रविवारी मी अजून त्या हॉलमध्ये जाते. त्यांची जागा मला दिली आहे. मधे उभी राहून दोन नावं घेते, एक त्यांचं, एक बाबांचं. मग आधी नुसते स्वर लागतात आणि हात आपोआप खाली-वर होऊ लागतो.