उलटे आटे

माझ्या हाताला सुतारकी कधी जमली नाही. घरात खिळा ठोकायचा असला तरी बायको शेजाऱ्यांना हाक मारायची, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मी मुधोळच्या मंडल कचेरीत कारकून. माझी हत्यारं म्हणजे टाक, शिक्का आणि मिसलींचे, म्हणजे फायलींचे, बस्ते बांधायची सुतळी. त्यामुळे लाकडाचा नट-बोल्ट मी केला हे सांगितलं तर ओळखीचे लोक आधी हसतात. करण्यासारखंच काही झालं होतं म्हणून केला.

वडील भैंशाला जिनिंगमध्ये फिटर होते. सरकी काढायच्या यंत्रांची पूर्ण रांग त्यांच्या ताब्यात असायची. हंगामात ती यंत्रं रात्रंदिवस थरथरत, आणि थरथरणाऱ्या यंत्रातला नट आपोआप सैल होतो. तो वेळेवर कसला नाही तर पट्टा सुटतो, कधी एखाद्याचा हातही जातो. वडिलांच्या रांगेत तसं कधी झालं नाही. त्यांना कौतुक एकाच गोष्टीचं होतं, आपण कसलेला नट दुसऱ्याच्या हाताने निघत नाही याचं. लहानपणी ते मला पाना देऊन "खोल" म्हणायचे आणि माझी तारांबळ बघून खूश व्हायचे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, रिटायर होऊन आमच्याकडे मुधोळला आल्यावर दोनच वर्षांनी, त्यांना अर्धांगाचा झटका आला. नांदेडच्या दवाखान्यात अठरा दिवस काढले. बोलणं सुधारलं, पाय ओढत का होईना चालायला लागले. उजवा हात मात्र अर्धाच परत आला. बोटं मिटत होती, पकड येत होती. हात पालथा करता यायचा, पण उताणा करता येत नव्हता. देवळात तीर्थ घ्यायला हात पुढं केला की तळवा खालीच राहायचा. डॉक्टर म्हणाले, हा हात रोज चालला पाहिजे. पुढच्या दोन-तीन महिन्यांत वापरला नाही तर आखडून जाईल आणि मग काही करता येणार नाही.

डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला दिला होता. वडिलांनी तो दोन दिवस दाबला आणि शेजारच्या पोराला देऊन टाकला. मग एका सकाळी त्यांनी आपली हत्यारांची पिशवी काढली, मोठ्यातला मोठा बोल्ट डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताने नट फिरवून पाहिला. कुणीही हवेत स्क्रू पिळायची नक्कल करून पाहावी. उजव्या हाताने कसायचं म्हणजे पालथा तळवा उताणा करत न्यावा लागतो. खोलायचं म्हणजे नेमकं उलट. वडिलांचा हात खोलायला चालला. कसायला चालेना. दोनदा नट हातातून निसटून पायावर पडला. त्यांनी पिशवी बांधली आणि खाटेखाली सरकवली.

"खोलाले काय, कोणबी खोलते," एवढंच म्हणाले. "माह्या हातानं आता कसल्या जात नाई."

त्या दिवसापासून उजवा हात मांडीवर, त्याच्यावर पंचा टाकलेला. जेवण डाव्या हाताने. कुणी भेटायला आलं तर पंचा आणखी नीट करायचे. मी समजावलं, बायकोने समजावलं, मी एकदा ओरडलोसुद्धा. ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. दोन-तीन महिन्यांतला एक महिना असाच गेला, आणि मला रोज सकाळी तारीख बघायची भीती वाटायला लागली.

लोखंडाचा नट लहान आणि जड आहे, तेव्हा मूठभर जाड आणि हलका असा लाकडाचा करावा, हे माझ्याच डोक्यातून निघालं. तळव्यात मावेल, निसटणार नाही, पडला तरी लागणार नाही, एवढाच माझा हिशेब. हात कुठल्या बाजूला वळतो हा विचार मी केलाच नाही. सुताराकडे गेलो तर त्याच्या अंगणात तिफणी-वखरांचा ढीग. तो म्हणाला, "मिरग तोंडावर आला अन् तुमी लाकडाचा बोल्ट मागून राह्यले? दिवाळीले या." फार गयावया केल्यावर त्याने गिरमिट, एक पटाशी आणि बाभळीचा ठोकळा दिला. घरात लोखंड कापायची करवत होती. तीनधारी कानस वडिलांच्या पिशवीतून गुपचूप काढली.

बोल्टाला गोल लाकूड हवं. कांडपाची गिरणी आल्यापासून आमचं मुसळ कोपऱ्यात पडून होतं. मी त्याचा वीतभर तुकडा कापायला घेतला तेव्हा बायको परसात आली.

"अवं, मुसळ काऊन तोडून राह्यले?"

"बाबासाठी."

ती दुसरं टोक धरून बसली.

रोज सकाळी कचेरीला जायच्या आधी तासभर हे काम चालायचं. आटे कसे आखायचे हे मला कोण सांगणार? ज्यांना माहीत होतं ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. शेवटी दोन सुतळ्या शेजारीशेजारी धरून त्या मुसळावर वेढे देत गेलो. मग एक सुतळी काढून घेतली. जी जागा मोकळी झाली तिच्यातून पेन्सिल फिरवली. टोकापासून टोकापर्यंत सारख्या अंतराची चढती रेघ मिळाली. मला स्वतःचं फारच कौतुक वाटलं. त्या रेघेवरून करवत हळूहळू फिरवली, आणि ती खोल जाऊ नये म्हणून पात्यावर कागदाची पट्टी चिकटवली. करवतीची चीर पडल्यावर कानशीने ती रुंद करत गेलो. आठ सकाळी त्यात गेल्या. डोक्याच्या जागी एक चौकोनी तुकडा पाचर मारून बसवला.

नटाने खरा घाम काढला. भोकाच्या आत आटे पाडायचं हत्यार माझ्याकडे नव्हतं. ठोकळ्याला गिरमिटाने भोक पाडलं, घासून मोठं केलं, आणि ठोकळा मधोमध उभा कापून दोन फाका केल्या. बोल्टाला काजळ फासलं आणि एकेका फाकेत दाबला. काळी रेघ उठली तशी पटाशीच्या कोपऱ्याने कोरत गेलो. पहिल्या नटाची एक फाक तडकली, पुन्हा सगळं पहिल्यापासून. दुसरा जमला. दोन्ही फाका सरसाने जोडल्या, वरून तारेने आवळल्या, आत मेण लावलं. बोल्टावर चढवला तर कुरकुरत चढला. मी बायकोला बोलावून तीनदा दाखवलं.

रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, तो वडिलांच्या समोर ठेवला. नट अर्ध्यावर चढवलेला होता. त्यांनी बराच वेळ बघितलंच नाही. मग डाव्या हाताने उचलला, नखाने आटे चाचपले. पंचा बाजूला केला. डाव्या हातात बोल्टाचं डोकं धरलं आणि उजवा हात नटावर ठेवला. हात ज्या बाजूला जात होता त्याच बाजूला गेला, पालथा. नट सुटून हातात येणार असं मला वाटलं. तो डोक्याकडे सरकला.

वडील थांबले. बोल्ट डोळ्यांजवळ नेला.

"आटे उलटे पाडले तू," ते म्हणाले.

माझं तोंड एवढंसं झालं. मग लक्षात आलं, चूक कुठे झाली ते. वीस वर्षं मी बस्ते बांधत आलोय, सुतळी हाताच्या सवयीने एकाच बाजूला फिरते. मुसळावरही मी ती बस्त्यावर गुंडाळतो तशीच गुंडाळली होती, आणि नट चढला याच आनंदात तो कुठल्या बाजूला फिरतो हे बघितलंच नव्हतं. जगातले सगळे नट एका बाजूला कसले जातात आणि माझा दुसऱ्या! पंधरा-वीस सकाळी पाण्यात गेल्या असं वाटून मी म्हणालो, "दुसरा करतो बाबा. या आठवड्यात करतो."

ते ऐकत नव्हते. त्यांनी बोल्ट मांडीत ठेवला, डाव्या हाताने उजवा मनगटाशी धरून सुलटा केला, पुन्हा नटावर नेला आणि पुन्हा फिरवला. अर्धा वेढा. पुन्हा तसंच. कपाळावर घाम आला, मान ताठ झाली. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी नुसतं बघितलं, आणि मी हात मागे घेतला. नट डोक्याला भिडला. त्यानंतरही त्यांनी दोनदा आवळला. लाकूड कर्र वाजलं.

मग बोल्ट माझ्यापुढे धरला. "खोल."

मी सवयीने पिळलं तर तो आणखीच घट्ट झाला. "तिकडं नाई," ते खेकसले. मी दुसऱ्या बाजूने जोर लावला. निघेना. दात-ओठ खाऊन लावला, तरी निघेना. लाकडाने लाकूड पकडलं होतं, पण पकडवलं होतं त्यांनी. वडिलांचा माझ्यावर विश्वास बसला नाही. आजारी माणसाचं मन राखायला मी सोंग करतोय असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी बोल्ट माझ्या हातून घेतला आणि बायकोला दिला. ती विहिरीवरून रोज दहा-बारा बादल्या पाणी शेंदणारी बाई, आणि खोटं बोलून कुणाचं मन राखायची तिला सवय नाही. तिने पदर खोचला, दोन्ही हातांनी पिळलं, तोंड लाल झालं.

"नाई निघत जी," ती म्हणाली. "लयच आवळलं तुमी."

मला रडू आलं. लपवायला मी बाहेर बघत बसलो, पण वडिलांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते उजवा हात डोळ्यांसमोर धरून पाहत होते. मग त्यांनी स्वतः नट खोलून पाहिला. आता खोलायचं म्हणजे हात उताणा न्यायचा, आणि तो काही केल्या जाईना. मला वाटलं, आता पुन्हा भिंतीकडे वळतील. त्यांनी बोल्ट माझ्या मांडीवर टाकला.

"खोलाचं तूच पाह्य," ते म्हणाले. "मले उद्या सकाळी लागते."

त्या दुपारी मी हातोडीने ठोकठोकून तो सैल केला आणि मेण लावून उशाशी ठेवला. तो हात पुढे कधी उताणा झाला नाही, पण आखडलाही नाही. वडील आणखी सहा वर्षं जगले. तेवढी वर्षं रोज ते कसायचे आणि मी खोलायचो.