इटलीच्या किनाऱ्यावरचा कावळा

आज गोदाआत्याचा दहावा. पाताळगंगेच्या काठी दुपार कलली तरी पिंडाला कावळा शिवेना. शिजल्या भातातिळाचा वास नाकात शिरला आणि मी थेट इटलीच्या किनाऱ्यावर जाऊन पडलो.

आमची आगबोट मोडली, म्हणून समुद्रकाठच्या एका जुन्या, कोटाच्या गावात आम्ही महिनाभर अडकलो होतो. लिंबं तिथं नारळाएवढी. फार वाटत असतील तर पेरूएवढी धरा. माझ्याबरोबर बोटीवर कोळसा ओढणारा आत्याचा एकुलता लेक सख्या तिथंच तापानं गेला. दहाव्याला मी वाळूत पिंड मांडला. दिवसभर हाका मारल्या, पण त्या गावात कावळाच नव्हता. शेवटी एका पांढऱ्या समुद्रपक्ष्यानं घास उचलला.

घरी आल्यावर आत्यानं एवढंच विचारलं, "कावळा शिवला का रं?"

"लगेच गं! काळाकुट्ट, आपल्या खोपोलीचाच म्हण ना!"

गावानं माझी तेवढी एकच थाप खरी मानली.

आज पिंडापाशी वाकून मी पुटपुटलो, "आत्या, कावळा नव्हता गं. पांढरा पक्षी होता."

कावळा आला. ही थाप नाही. माझ्या शंभर थापा आत्या हसून ऐकायची. ही एवढी खरी गोष्ट मात्र तिनं मेल्यावर मागून घेतली.