चिंचेत भिजलेली काडतुसं

दुबईतल्या अल नहदाचे विजयकुमार दर शुक्रवारी नेमबाजीच्या क्लबात झाडलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी दारू-गोळी घालून पुन्हा भरत. या खेपेला काळी पडलेली नळकांडी घासायला घरी आणली, तर अनुपमावहिनींनी ती देवाच्या समयांबरोबर चिंचेच्या कोळात टाकली आणि दोन दिवस विसरून गेल्या!

विजयकुमारांनी ती क्लबात ट्यूबलाइटखाली भरली. बाहेर मैदानावर पहिली काडतुसं नेमबाजी शिकवणाऱ्या जोसेफ कोचच्या पिस्तुलात गेली, तेव्हा उरलेल्यांवर ऊन पडलं. पितळ तांब्यासारखं लालसर दिसत होतं. आंबटानं खाल्लेलं पितळ बार उडताना फुटलं तर जोसेफचा हातच जायचा!

"जोसेफ, स्टॉप! खलास! अरे, रुको ना बाबा!"

जोसेफनं पिस्तूल खाली केलं. "हबीबी, व्हॉट हॅपन?"

"मिसेसने इमली लगाया!"

जोसेफला ओ की ठो कळलं नाही, पण विजयकुमारांचा चेहरा बघून त्यानं मुकाट पिस्तूल रिकामं केलं.

घरी वहिनींनी विचारलं, "अहो, चमकली की नाही?"

"फार चमकली." विजयकुमारांनी पाण्याचा पेला एका दमात संपवला.

"पुढच्या वेळी लिंबूही पिळते."

"नको गं! पुढच्या वेळी मीच धुतो."