निर्धूर घराचा भाव

खरं बोललं की मार बसतो, हे मी आमच्या स्वयंपाकघराच्या दारात शिकले.

नव्वदच्या दशकात माधवनगरजवळ आमचं घर होतं. वडील फौजेतून निवृत्त झालेले, साताऱ्यात पहारेकऱ्याची नोकरी लागलेली. घर विकून तिकडे जायचं होतं. चुलीच्या धुरानं आईचे डोळे अधू व्हायला लागले, तेव्हा त्यांनी परसात गोबरगॅस बांधला होता आणि संडासही त्यालाच जोडला होता. पंचायत समितीच्या साहेबांनी दारावर 'निर्धूर घर' अशी पाटी ठोकली होती. त्या पाटीनं घराला चांगला भाव येईल, ही वडिलांची खात्री.

घर बघायला एक ऊसबागायतदार आला, सोबत त्याचा मेहुणा. खोल्या पसंत पडल्या. आईनं दिलेला चहा दोघांनी चवीनं प्यायला. मग बागायतदारानं पाटीचा अर्थ विचारला. चहा पोटात गेल्यावर तरी गप्प बसावं की नाही? पण वडिलांच्या तोंडात तीळ भिजत नसे. शेणाची टाकी, संडासाची नळी, सगळं त्यांनी कौतुकानं दाखवलं.

"म्हंजी आमास्नी गुवावरचा च्या पाजला व्हय रं?" मेहुण्यानं कप भिंतीवर फोडला आणि पायताण काढून वडिलांच्या तोंडावर हाणलं. वडील फौजी गडी. त्यांनी त्याला गळ्याला धरून उंबऱ्यावर आपटलं. दात पडला, रक्त पायरीपर्यंत आलं. मला अजिबात वाईट वाटलं नाही. अजून दोन ठोसे हवे होते.

बागायतदार शांत होता. उपरण्यानं तोंड पुसत म्हणाला, "ती घाण उपटून टाका. मग तुमी म्हनाल त्यो भाव देतो."

वडिलांनी पहार उचलली. आई गॅसच्या शेगडीसमोर हात पसरून उभी राहिली. "आवं, माझं डोळं जातील!"

ते थांबले नाहीत. पहिला घाव शेगडीच्या नळीवर, दुसरा आईच्या मनगटावर. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. मी वडिलांच्या दंडाला कडकडून चावले, तर त्यांनी मला झिडकारलं आणि परसात जाऊन टाकीचा घुमट फोडला. घर तिथल्या तिथं महाग झालं.

संध्याकाळी आईनं हाडवैद्यानं बांबूच्या कांब्या बांधलेला हात गळ्यात अडकवून तीन दगड मांडले. लाकडं ओली होती. खोली धुरानं कोंदली. वडील डोळे चोळत आत आले. "साताऱ्यात गेल्यावर शिलिंडर घिऊ," म्हणाले.

आई एका हातानं फुंकणी धरून फुंकतच होती. "तवर धूर हाय की," ती म्हणाली. "ह्यो कुनाला समजून सांगावा लागत न्हाई."