आबांच्या चाफेवाड्या

आबांना जिथून हाकललं, तिथलं नाव ते बरोबर घेऊन निघायचे. सिंधुदुर्गातली त्यांची चाफेवाडी धरणाखाली गेली. भाऊबंदांना सरकारने माळ दिला, त्यांनी माळालाच चाफेवाडी म्हटलं. आबा विक्रोळीला कारखान्यात लागले, तर मागच्या चाळींची चाफेवाडी झाली. रस्तारुंदीत अर्ध्या चाळी गेल्या आणि ते भांडुपच्या टेकडीवर आले. आल्या दिवशीच पत्र्यावर नाव रंगवून खांबाला बांधलं. नळ नव्हता, संडास नव्हता, नाव होतं. चाफा मात्र यातल्या एकाही वाडीत मी पाहिला नाही.

मला या प्रकाराचा राग यायचा. टेकडीवरच्या वस्ती समितीची पत्रकं मी लिहायचो. आमचे सिलिंडर विक्रोळीला जायचे, विक्रोळीच्या लग्नपत्रिका आमच्याकडे यायच्या. इथवर ठीक होतं. पण टेकडीवर पाडकामाची नोटीस लागली आणि पालिकेच्या ऑफिसातले साहेब थंडपणे म्हणाले, चाफेवाडीला घरं देऊन झाली. दिली होती ती विक्रोळीवाल्यांना.

मी आबांना सरळ सुनावलं, "तुमच्या हौसेपायी आमची वाट लागलीय. बदला ना ते नाव."

आबांनी विडी विझवली. "गाव बुडालो, ता काय माझ्या हातात होता? नाव कित्याक बुडवू?"

नावावर छप्पर उभं राहत नाही, असं मी म्हटलं.

"तू पत्रकं लिही रे," ते म्हणाले. "अक्षर बरा आसा तुझा."

मी लिहिलं: 'चाफेवाडीवर बुलडोझर. सोमवारी सकाळी जमा.' ते मोबाइलवरून कुठल्या कुठे गेलं. सोमवारी टेकडीवरचे आम्ही मूठभर होतो. तेवढ्यात विक्रोळीहून टेम्पो भरून माणसं आली, ती भांडायलाच. आमच्या नव्या बिल्डिंगवर बुलडोझर कोण आणतंय, म्हणून. बुलडोझर भांडुपच्या चाफेवाडीवर आहे, हे कळल्यावर काही जण टेम्पोकडे परत वळले. मग एक मावशी रस्त्यात फतकल मारत म्हणाली, "आता सुट्टी टाकलीच आहे, तर बसू." बाकीचेही बसले. थोड्या वेळाने माळावरचे भाऊबंद रात्रीच्या एसटीने पिशव्यांसकट येऊन टेकले.

बुलडोझरबरोबर आलेल्या साहेबांनी विचारलं, "यातले चाफेवाडीचे कोण?"

सगळ्यांनी हात वर केले. खोटं कुणीच बोलत नव्हतं. आबा पुढे खुर्चीत बसले होते. त्यांनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मशीन परत गेलं, आणि पर्यायी घर मिळाल्याशिवाय एकही झोपडं पाडणार नाही, असं साहेबांना लिहून द्यावं लागलं.

ती घरं अजून मिळालेली नाहीत. कुणी अडवली आहेत, ते मी दर पत्रकात लिहितो. आबा मात्र वर्षभराने टेकडीवरच गेले, स्वतःच्या छपराखाली. उतरायच्या पायऱ्या अरुंद. वळणावळणावर खांदेकरी बदलत होते, विक्रोळीचे, माळावरचे, काही तर मी कधी न पाहिलेले. मला खांदा द्यायचा होता. खाली रस्ता लागेपर्यंत माझा नंबरच आला नाही.